सगळं परत काढू नकोस, टोन तेवढे परत लाव

पत्र: ताई, मी लातूरची, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. टॅबवर क्लिप स्टुडिओ ह्या चित्रं काढायच्या ॲपमधे मंगा, म्हणजे जपानी पद्धतीची चित्रकथा, काढलीय, ४४ पानांची, २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजहून आमच्याकडं पाण्याची रेल्वे आली होती त्यावर. इथल्या एका प्रेसमधल्या काकांकडून डेमी साइझमधे प्रूफ काढून घेतलं आन् रडूच आलं. सगळ्यांचे चेहरे लांबुळके झालेत, जिथं सावलीसाठी ठिपक्यांचा टोन लावला तिथं चौकटी चौकटी आन् लाटा दिसायल्यात, दोन फुग्यांतली अक्षरं कडेला कापली गेलीत, रेल्वेचं दोन पानी चित्र होतं त्याचं इंजिन एका पानावर आन् डबे पान उलटल्यावर. वरून काही ठिकाणी जोडाक्षरं फुटलीत. काका म्हणायलेत फाइलच खराब आहे. ४४ पानं परत काढू का? आन् खरी मंगा उजवीकडून उघडते तर मी पण बाइंडिंग तसंच करू का?

उत्तर:

नाही गं, परत काढायचं नाही. तू पाठवलेल्या फाइली मी उघडून नीट बघितल्या, तुझी रेष चांगली आहे, घागरी घेऊन रांगेत उभ्या बायांचं पान तर फारच चांगलं आहे, आणि ते सगळं जसंच्या तसं राहतं. बिघडलंय ते चित्र काढून झाल्यावरचं काम. कागदावर हे पान नेमकं किती बाय किती छापणार हे ना तुला माहीत होतं ना काकांना, त्यामुळं तू तुझ्या मापानं काढलंस आणि त्यांनी त्यांच्या मापात ते बसवलं. काकांना दोष देऊ नकोस, आपल्याकडच्या प्रेसमधे रोज लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, कवितासंग्रह येतात, ठिपक्यांच्या टोनची पानं क्वचितच येत असतील. पण फाइल खराब आहे म्हणून सोडून द्यायचं पण नाही, कारण काय खराब आहे ते सांगता येतं आणि दुरुस्त पण करता येतं.

आधी मापाचं बघू, बाकी सगळं त्याच्यावरच आहे. तुझी फाइल २४८० बाय ३५०८ पिक्सेलची आहे, म्हणजे ए४, ३०० डीपीआय, एका इंचात ३०० पिक्सेल. डेमी म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. आता ए४ ची उंची रुंदीच्या १.४१ पट असते आणि डेमीची जवळपास १.५५ पट, म्हणजे ए४ चं पान डेमीत बसवायचं तर एकतर वरखाली पांढरी पट्टी सोडावी लागते नाहीतर चित्र उभं ताणावं लागतं. काकांनी कोरल ह्या पानं लावायच्या प्रोग्राममधे ओढून बसवलंय, ते साधारण ९ टक्के उभं ताणलं गेलंय, म्हणून सगळे चेहरे लांबुळके. डेमी हे आपल्या मराठी कादंबऱ्यांचं माप, मजकुराला एकदम झकास, पण तुझ्या पानाला ते जमत नाही. तू ए५ घे, १४८ बाय २१० मिलिमीटर. ए४ आणि ए५ चं प्रमाण एकच आहे त्यामुळं काहीही न ताणता सरळ ७१ टक्क्यांवर बसतं, वाचकाच्या हातात पण ते छान मावतं.

जपानी साच्यांबद्दल पण सांगून ठेवते, कारण क्लिप स्टुडिओत नवीन कॉमिक उघडलं की तेच समोर येतात आणि नवीन माणूस गोंधळतो. तिकडं स्वतः छापून विकणारी पोरं बहुतेक ए४ कागदावरच्या साच्यात काढतात पण पुस्तक कापून बी५ होतं, १८२ बाय २५७ मिमी, आणि आतली चौकट १५० बाय २२०. मोठ्या मासिकांसाठीचा साचा बी४ कागदाचा असतो, त्यात कापाचं माप २२० बाय ३१० आणि आतली चौकट १८० बाय २७०, ते नंतर लहान करून छापतात. म्हणजे साच्यातल्या तीन रेघांचा अर्थ असा: सगळ्यात बाहेरची रेघ ब्लीडची, म्हणजे कापाच्या बाहेरच्या जास्तीच्या पट्टीची, तिथपर्यंत चित्र भरायचं, मधली रेघ जिथं सुरी पडणार, आणि आतल्या चौकटीत चेहरे, फुगे, अक्षरं, म्हणजे जे कापलं तर चालणारच नाही ते सगळं. आणि एक, जपानचा बी५ हा बाकी जगाच्या बी५ पेक्षा थोडा मोठा आहे, बाकीच्यांचा १७६ बाय २५०. प्रेसला नुसतं बी५ म्हणालीस तर कुठला ते कळणार नाही, कधी पण मिलिमीटरमधेच सांगायचं.

तुझ्या दोन फुग्यांची अक्षरं कापली गेली ती ह्याच्यामुळं, की तुझ्या पानाला ब्लीड पण नाही आणि आतली चौकट पण नाही, तू कॅनव्हासच्या कडेपर्यंत सगळं वापरलंयस. कटिंग मशीनवर थप्पी कापताना एक-दोन मिमी इकडंतिकडं होतंच, कितीही चांगला माणूस असू दे. म्हणून कापाच्या बाहेर चारी बाजूंनी ३ मिमी चित्र जास्तीचं हवं, आणि अक्षरं कापाच्या रेघेपासून निदान ८ ते १० मिमी आत, शिवणीच्या बाजूला अजून थोडी आत, १३-१५ मिमी धर. ए५ ला ३ मिमी ब्लीड धरून पान होतं १५४ बाय २१६ मिमी, ते ६०० डीपीआयला ३६३८ बाय ५१०२ पिक्सेल. हा आकडा लिहून ठेव, तुझा नवीन कॅनव्हास हाच.

आता तुझी जुनी पानं त्यात कशी न्यायची. ए४ चं ३०० डीपीआयचं पान ए५ वर छापलं की तेच पिक्सेल लहान जागेत बसतात आणि ते साधारण ४२४ डीपीआय होतं, म्हणजे तू समजतेस तेवढी वाईट परिस्थिती नाही. फक्त रेषेचा लेयर घे, टोन सगळे बंद कर, आणि तो १.४१ पट मोठा कर म्हणजे ३४९६ बाय ४९६१ होईल, तो नवीन कॅनव्हासच्या बरोबर मधोमध ठेव. चारी बाजूंनी साधारण ७१ पिक्सेलची पट्टी रिकामी राहील, तीच तुझी ब्लीड. ज्या पानांत चित्र कडेपर्यंत जातं तिथं ती पट्टी हातानं भरून काढ, आकाश पुढं ने, जमीन पुढं ने, रुळ पुढं ने. ज्या पानांना पांढरा समास आहे तिथं काही करायची गरज नाही. काही जण सगळं पानच ४ टक्के अजून मोठं करून ब्लीड भरून घेतात, तुझ्या बाबतीत ते नको, अक्षरं आधीच कडेला आहेत, अजून बाहेर जातील. रेष व्हेक्टर लेयरवर (तिथं रेष पिक्सेलची बनलेली नसते) काढली असशील तर मोठी केल्यावर काहीच बिघडत नाही, साध्या लेयरवर असेल तर किंचित मऊ होईल, पण पुढच्या पायरीत ती परत कडक होते.

ती पुढची पायरी म्हणजे रेष नुसती काळी आणि पांढरी करणं, मधलं राखाडी काहीच नाही. स्क्रीनवर रेष गुळगुळीत दिसावी म्हणून प्रोग्राम तिच्या कडेला राखाडी पिक्सेल टाकतो. पण शाई तर एकच आहे, काळी. राखाडी शाई मशीनमधे नसतेच, तर प्रेसचा कॉम्प्युटर त्या राखाडी पिक्सेलचे बारीक ठिपके करतो आणि रेषेची कड केसाळ, खरबरीत छापून येते. म्हणून आधी मोठं करायचं आणि मग थ्रेशोल्ड लावायचा, म्हणजे किती गडद राखाडीला काळं धरायचं ती हद्द, हा क्रम उलटा करायचा नाही, आधी थ्रेशोल्ड लावून मग मोठं केलंस तर पायऱ्या पायऱ्या दिसतील. थ्रेशोल्डचा आकडा पानापानाला बघून ठेव, फार वर नेलास तर बारीक रेषा जाड होऊन एकमेकींना चिकटतात, फार खाली नेलास तर केसांच्या आणि डोळ्याखालच्या रेषा तुटतात. हे क्लिप स्टुडिओत होतं, आणि तुझ्या मैत्रिणींकडं ते नसेल तर गिंपमधे फुकटात होतं, तिथं इमेजचा मोड इंडेक्स्ड करून १ बिटचं काळं-पांढरं पॅलेट निवडायचं आणि डिदरिंग, म्हणजे राखाडीच्या जागी विखुरलेले ठिपके टाकणं, बंद ठेवायचं.

आता टोन. ह्याच्यावर मी जरा जास्तच बोलणार आहे कारण मंगाची अर्धी जान टोनमधे असते, आणि छपाईत सगळ्यात आधी तोच मरतो.

तू नेटवरून ठिपक्यांच्या पीएनजी फाइली उतरवून त्या चिकटवल्यास. स्क्रीनवर ते सुंदर दिसतं, मान्य. पण बघ काय होतं, समज एका ठिपक्यापासून दुसऱ्या ठिपक्यापर्यंत ५ पिक्सेल आहेत. पान लहान होऊन ६७ टक्के मापावर आलं की ते ३.३ पिक्सेल होतात, आणि पिक्सेल तर अर्धा-पाव होत नाही, मग काही ठिपके ३ वर बसतात, काही ४ वर, आणि त्या चुकीची ठराविक अंतरानं पुनरावृत्ती होते, तीच तुला चौकट म्हणून दिसली. त्यात उभं ताणल्यामुळं आडवा हिशोब वेगळा आणि उभा वेगळा. त्यात तू जेपीजीमधे सेव्ह केलंस, जेपीजी प्रत्येक ठिपक्याभोवती राखाडी धूळ करतं. आणि शेवटी प्रेसच्या कॉम्प्युटरनं त्या राखाडीचे पुन्हा स्वतःचे ठिपके केले. दोन मच्छरदाण्या एकावर एक धरून उजेडाकडं बघितलं की कशा लाटा दिसतात, तसंच हे झालंय, तुझे ठिपके आणि त्यांचे ठिपके. ह्याला छपाईत मॉयरे म्हणतात आणि एकदा फाइलमधे बसला की कुठल्याही फिल्टरनं निघत नाही, म्हणून दुरुस्त करायच्या नादी लागू नकोस, टोन काढून टाक आणि नवीन लाव.

नवीन लावताना दोनच रस्ते आहेत. एक म्हणजे ठिपके तुझे: सगळं पान ६०० डीपीआयवर काळं-पांढरं, शेवटच्या मापावर, आणि त्यानंतर त्या पानाला कुणीही एक टक्का सुद्धा लहानमोठं करायचं नाही. प्लेट काढायच्या मशीनचं रेझोल्यूशन साधारण २४०० असतं, त्यात तुझा एक पिक्सेल बरोबर ४ बाय ४ मधे बसतो, ठिपका जसाच्या तसा उतरतो. दुसरा म्हणजे ठिपके प्रेसचे: तू नुसता सपाट राखाडी रंग भरायचा, ठिपका एक पण नाही, फाइल ग्रेस्केल म्हणजे राखाडी छटांची ठेवायची आणि त्यांची मशीन काय करायचं ते करेल. दोन्ही बरोबर आहेत. ठिपके पण आणि राखाडी पण अशी भेसळ एका पानात झाली की मग लाटा आल्याच म्हणून समज. माझं मत विचारशील तर तू पहिला रस्ता घे, धुळीचं आकाश, दुपारचं ऊन, रेल्वेच्या टाक्यांची सावली, हे सगळं उघड्या ठिपक्यांत जे दिसतं ते सपाट राखाडीत दिसत नाही, मंगा मंगा वाटते ती त्यानंच.

क्लिप स्टुडिओत ते सोपं आहे. नवीन लेयर घे, त्यात राखाडी भर, लेयर प्रॉपर्टीत टोन चालू कर, फ्रीक्वेन्सी, म्हणजे एका इंचात ठिपक्यांच्या किती ओळी, ती ६० ठेव. हा टोन चिकटवलेलं चित्र नसतो, प्रोग्राम तो दरवेळी नव्यानं तयार करतो, त्यामुळं नंतर राखाडी कमीजास्त करायची झाली तरी ठिपके बिघडत नाहीत. सगळ्या पुस्तकभर फ्रीक्वेन्सी एकच ठेव. एका टोनवर दुसरा टोन चढवू नको, गडद हवा तर तिथला खालचा खोडून गडद लाव. १० टक्क्यांच्या खालचा टोन मॅपलिथो कागदावर कधी दिसतो कधी उडून जातो, आणि ७०-८० च्या वर शाई पसरून सगळं काळं होतं, म्हणून १० ते ६० मधेच खेळ. आणि बघताना झूम १०० टक्के करूनच बघ, ३३ टक्क्यांवर स्क्रीनच खोट्या लाटा दाखवते आणि माणूस उगं घाबरून बसतो.

४४ पानांचे टोन परत लावायचे म्हणजे काम आहे, मला कळतंय, परीक्षा पण आहे तुझी. पण आधी एक पट्टी छापून घे: एका ए५ पानावर १०, २०, ३०, ४०, ६०, ८० टक्के असे चौकोन, त्यांच्या चार ओळी कर, ओळीला फ्रीक्वेन्सी ५०, ५५, ६०, ६५. त्याच प्रेसवर, त्याच कागदावर छाप. त्या एका पानावरून कळेल की त्या मशीनवर कुठला टोन टिकतो, मग ४४ पानांना हात लाव. रेल्वे स्टेशनचं पान आणि अंधाऱ्या खोलीचं पान पण नमुन्याला दे, एकात फिकटच फिकट आहे आणि एकात काळंच काळं.

काळ्यावरून आठवलं, तुझ्या फाइली आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत, आहेत. आरजीबीतलं काळं सीएमवायके, म्हणजे छपाईच्या रंगांत, नेताना चार शाईंचं होतं, आणि चार शाया केसभर जरी सरकल्या तरी अक्षराला रंगीत सावली येते. तू १ बिट केलंस की हा प्रश्नच संपतो, एकच काळी प्लेट निघते. फक्त मोठ्या काळ्या जागांचा विचार कर, आपल्याकडं बऱ्याच छोट्या प्रेसमधे मिनी ऑफसेट, म्हणजे प्लेटवरून छापायचं छोटं मशीन, असतं, त्यावर पानभर भरीव काळं डाग-डाग येतं आणि पातळ कागद असेल तर मागच्या पानावर पण दिसतं. कागद ७० जीएसएम वजनाचा घेऊ नको, ८० किंवा ९० चा मॅपलिथो माग. काळ्यात पांढऱ्या बारीक रेषा असतील तर त्या थोड्या जाड कर, शाई दोन्हीकडून आत सरकते आणि रेष बुजते.

आता अक्षरं. ए४ वर तू १० पॉइंट ठेवलेत, ते ए५ वर ७ होतात. इंग्रजी ७ पॉइंट वाचता येतं एक वेळ, आपल्या अक्षरांना वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ते ७ ला वाचता येत नाहीत, आजीला तर नाहीच नाही. छापील ९ च्या खाली जाऊ नको, १० ठेवलेस तर उत्तम. म्हणजे अक्षरं नव्यानंच टाक, शेवटच्या मापाच्या कॅनव्हासवर, आणि मावत नसेल तर फुगा मोठा कर किंवा वाक्य कमी कर. तुझी पात्रं जरा जास्तच बोलतात असं मला वाटलं, पाणी वाटपाच्या पानावर तर फुग्यांनी माणसं झाकलीत. तिथली निम्मी वाक्यं काढलीस तरी गोष्ट कळते. फॉन्ट म्हणशील तर कलम, बलू, मुक्त हे फुकट आहेत आणि छापायला मोकळे आहेत. हाताच्या अक्षरासारखा कलम संवादाला शोभतो, ओरडायच्या जागी बलूचा जाड घे.

जोडाक्षरं फुटली ती प्रेसच्या कॉम्प्युटरवर. बऱ्याच ठिकाणी अजून जुने प्रोग्राम आणि जुने बिगर युनिकोड फॉन्ट चालतात, चित्रात न बसवता वेगळा दिलेला युनिकोड मजकूर तिथं उघडला की ऱ्हस्व इकार पुढं सरकतो, रफार हवेत जातो. मग मजकूर मजकूर म्हणून द्यायचाच नाही. सगळं वाचून झाल्यावर अक्षरांचं चित्र करून टाक, तिथल्याच ६०० डीपीआयला, काळं-पांढरं. मूळ फाइल मात्र वेगळी जपून ठेव, शुद्धलेखनाची चूक निघणारच आहे. आणि चित्र करायच्या आधी कुणालातरी मोठ्यानं वाचून दाखवायला लाव, तू स्वतः वाचू नकोस, स्वतःची चूक दिसत नाही.

रेल्वेचं दोन पानी चित्र का फाटलं ते आता सांगते, हे सोपं आहे. डावीकडं बांधलेल्या पुस्तकात पान १ नेहमी उजव्या हाताला येतं. म्हणजे समोरासमोर येणारी जोडी कायम सम-विषम, २-३, ४-५, अशी. तुझी रेल्वे गोष्टीच्या १३ आणि १४ पानावर आहे, आणि काकांनी गोष्ट पहिल्याच पानापासून सुरू केली, मग १३ उजवीकडं आणि १४ त्याच्या पाठीवर. गोष्टीच्या आधी तीन पानं घाल: पहिलं शीर्षकाचं, दुसरं प्रकाशक-मुद्रक-किंमत वगैरेचं, तिसऱ्यावर एखादं पानभर चित्र किंवा अर्पणपत्रिका. मग गोष्ट पान ४ पासून सुरू होते आणि रेल्वे १६-१७ वर समोरासमोर येते. तीन आणि ४४ झाली ४७, शेवटी एक पान तुझ्याबद्दल लिही, ४८. प्रेसवाले १६ पानांचा एक फॉर्म धरतात, ४८ म्हणजे बरोबर तीन फॉर्म, कागद पण वाया जात नाही.

बाइंडिंग सेंटर पिनचं, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारलेलं कर, ४८ पानांना ग्लू बाइंडिंग केलं तर पाठ इतकी बारीक येते की पानं सुटायची भीती, आणि पुस्तक नीट उघडत पण नाही, रेल्वेचे मधले डबे शिवणीत जातील. पिनचं पुस्तक सपाट उघडतं. तरी पिनच्या पुस्तकात एकाच कागदावर दोन्ही पानं फक्त मधल्या जोडीलाच मिळतात, ४८ पानांत ती २४-२५. तुझी १६-१७ वेगवेगळ्या कागदांवर छापली जाणार, त्यामुळं रूळ एक-दीड मिमी वरखाली होऊ शकतात. शिवणीवर कुणाचा चेहरा किंवा अक्षर ठेवू नको, दोन डब्यांमधली मोकळी जागा तिथं येईल असं चित्र थोडं सरकव.

उजवीकडून बाइंडिंग करू का असं विचारलंस. करू नको. जपानी मजकूर वरून खाली आणि ओळी उजवीकडून डावीकडं जातात म्हणून त्यांची चौकट पण तशीच जाते, डोळा एकाच दिशेनं चालतो. तुझ्या फुग्यातलं मराठी डावीकडून उजवीकडं आणि चौकटी उलट्या, असं केलंस तर वाचणाऱ्याचा डोळा प्रत्येक फुग्यात अडखळणार. आणि तू तर काढताना चौकटी डावीकडूनच लावल्यास, आता आरशातल्यासारखं उलटं केलं तर सगळे डावखुरे होतील आणि स्टेशनवरची पाटी उलटी होईल. मंगापण उघडायच्या दिशेत नसतं, चौकटींच्या चालीत, शांत पानांत, टोनमधे असतं, ते तुझ्याकडं आहे. फक्त क्लिप स्टुडिओत बाइंडिंग लेफ्ट आहे का ते तपास, जपानी साच्यात ते उजवं असतं आणि मग पानांच्या जोड्या उलट्या निघतात.

फाइल देताना पण घात होतो. पीडीएफ करताना प्रेस क्वालिटी म्हणून तयार सेटिंग असतं ते नावाला चांगलं वाटतं पण ते ४५० डीपीआयच्या वरच्या राखाडी आणि रंगीत चित्राला ३०० डीपीआयवर आणतं, म्हणजे तुझं ६०० चं टोनचं पान चुकून ग्रेस्केल राहिलं तर तिथंच मेलं. १ बिटच्या पानाला ते १८०० च्या वर गेल्याशिवाय हात लावत नाही. तरी डाउनसॅम्पलिंग, म्हणजे हे डीपीआय कमी करणं, बंदच कर, जेपीजी कॉम्प्रेशन बंद कर. सगळ्यात बिनधास्त म्हणजे प्रत्येक पानाची वेगळी १ बिट टिफ फाइल, नावात छापील पान क्रमांक, ०१, ०२ असे, आणि सोबत एक पीडीएफ नुसती क्रम बघायला. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नको, तो बारीक होऊन जातो. पेनड्राइव्ह घेऊन स्वतः जा आणि एका कागदावर ठळक लिहून दे: कापाचं माप १४८ बाय २१०, ब्लीड ३ मिमी, छपाई १०० टक्क्यांवर, फिट टू पेज नाही, एकरंगी काळं, डावं बाइंडिंग, सेंटर पिन. लातूरच्या प्रेसमधे काका समोर बसून कोरलमधे पान लावत असतील तर चित्राचं माप १५४ बाय २१६ दाखवतंय का ते तू पण बघ, १५३.८ दाखवत असेल तर तिथंच थांबव, कारण त्या ०.२ मिलिमीटरनं पण ठिपके बिघडतात.

कव्हर रंगीत आहे, त्याचं वेगळं. मागचं आणि पुढचं मिळून एकच फाइल, ब्लीड धरून ३०२ बाय २१६ मिमी, ३५० डीपीआय, सीएमवायके. तुझ्या कव्हरवरचा तो झगझगीत निळा पाण्याचा रंग शाईत तसा येत नाही, मळकट होतो, आधीच बदलून ठेव म्हणजे नंतर वाईट वाटणार नाही. कव्हरवरच्या मोठ्या काळ्यात नुसता काळा फिका वाटतो, थोडा निळा-लाल-पिवळा मिसळ, सी ६०, एम ४०, वाय ४०, के १०० चालतं, पण नावाची बारीक अक्षरं नुसत्या काळ्यातच ठेव. आर्ट कार्ड २५० जीएसएमचं, मॅट लॅमिनेशन. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, हवा असेल तर राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून ऑनलाइन मिळतो, फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नको.

प्रती किती काढायच्या ते तू विचारलं नाहीस पण काका पाचशे-हजार म्हणतील, कारण ऑफसेटला प्लेटचा खर्च एकदाच आणि प्रती वाढल्या की एक प्रत स्वस्त पडते. पहिल्यांदा ५०-१०० च काढ, डिजिटलवर, प्लेट लागत नाही. मशीन टोनरची, म्हणजे शाईच्या भुकटीची असते म्हणून टोनची पट्टी त्याच मशीनवर काढ, ऑफसेटची पट्टी तिथं चालत नाही. पूर्ण पुस्तकाची एक प्रत कापून, पिन मारून हातात माग, नुसती सुटी पानं बघून हो म्हणू नको, कारण काप, शिवण आणि १६-१७ ची जोडी बांधल्यावरच कळते. त्या प्रतीवर बघून सही कर, तारीख टाक, एक प्रत काकांकडं ठेव आणि बाकीचे पैसे सगळ्या प्रती तिच्याशी ताडून घेतल्यावर दे.